एका भूमिकेचा चोपन्न वर्षांचा संसार

दुपारची जेवणे उरकली, भांडी विसळून पालथी घातली, म्हणजे घरातल्या बाईला जी घटकाभर उसंत मिळते, तिची किंमत घरात सहसा कोणी करीत नाही. परंतु या उसंतीचा हिशेब एका वर्गाने मात्र फार बारकाईने केला. तो वर्ग म्हणजे अमेरिकेतील साबणाचे कारखानदार. कपडे कोणत्या साबणाने धुवावयाचे हे घरातली बाई ठरविते आणि दुपारी ती घरी एकटी असते, हे त्यांनी ओळखले. तिला रोज थोडी थोडी गोष्ट ऐकवावी आणि मधूनमधून साबणाची जाहिरात करावी, असा हा व्यवहार होता. त्यातून जो कथाप्रकार निर्माण झाला, त्याला लोकांनी थट्टेने ‘सोप ऑपेरा’, म्हणजे साबणवाल्यांची संगीतिका, असे नाव दिले. आज आपण ज्यांना ‘मालिका’ म्हणतो, त्यांचे मूळ हे असे आहे.

या थट्टेच्या धंद्यात एका अभिनेत्रीने आयुष्याची चोपन्न वर्षे घालविली, आणि तीही एकाच भूमिकेत. त्यांचे नाव हेलन वॅग्नर. त्यांची हकीकत सांगावयाची तर आधी ज्या लेखिकेने ती भूमिका निर्माण केली, तिच्याकडे वळले पाहिजे.

इर्ना फिलिप्स ही मूळची शिक्षिका. १९३० साली शिकागोच्या नभोवाणी केंद्रावर तिने ‘पेंटेड ड्रीम्स’ ही मालिका सुरू केली. अमेरिकेतील अशा प्रकारच्या पहिल्या मालिकांत तिची गणना होते. इर्नाबाई हाताने लिहीत नसत. खोलीत फेऱ्या घालीत प्रत्येक पात्राचे बोलणे त्या त्या पात्राच्या आवाजात म्हणून दाखवीत आणि लेखनिक ते टंकलिखित करी. १९३७ साली त्यांची ‘द गायडिंग लाइट’ ही मालिका नभोवाणीवर आली, १९५२ साली ती दूरचित्रवाणीवर गेली आणि थेट २००९ पर्यंत चालली.

त्या काळी दूरचित्रवाणीवरील मालिकेचा रोजचा भाग पंधरा मिनिटांचा असे. इर्नाबाईंना अर्धा तास हवा होता. पंधरा मिनिटांत भांडण, अपघात, रडारड सारे दाखविता येते. पण दोन बायका स्वयंपाकघरात बसून बोलता बोलता मध्येच गप्प होतात, ते दाखवावयाचे तर वेळ लागतो, हे त्यांनी जाणले होते. पैसे पुरविणारी प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबणाची कंपनी आधी कचरली, पण अखेर राजी झाली. २ एप्रिल १९५६ रोजी सी.बी.एस.वर ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ ही मालिका सुरू झाली. ओकडेल या कल्पित गावातील वकील ख्रिस ह्यूज, त्यांची पत्नी नॅन्सी, त्यांची मुले आणि म्हातारे वडील, एवढेच ते कुटुंब. पहिल्या भागातील पहिले वाक्य नॅन्सीच्या तोंडी होते. ते काय होते? सकाळी उठल्यावर बायको नवऱ्याशी जे बोलते, तेच. इकडची तिकडची प्रस्तावना न करता तिने नवऱ्याला सुप्रभात म्हटले आणि गोष्ट सुरू झाली.

ती नॅन्सी म्हणजे हेलनबाई. त्यांचा जन्म ३ सप्टेंबर १९१८ रोजी टेक्सासमधील लबक या गावी झाला. इलिनॉयमधील मन्मथ महाविद्यालयात संगीत व नाट्य यांचा अभ्यास करून त्या १९३८ साली पदवीधर झाल्या, पुढे न्यूयॉर्कला गेल्या आणि रंगभूमीवर व नव्या दूरचित्रवाणीवर कामे करू लागल्या. नॅन्सीची भूमिका मिळाली तेव्हा त्यांचे वय सदतीस होते. नटीच्या धंद्यात हे वय उताराचे मानतात. पण बाईंचे खरे काम येथूनच सुरू झाले.

आरंभ काही सुखाचा नव्हता. पहिल्याच वर्षी इर्नाबाईंनी त्यांना कामावरून कमी केले. त्यांची कॉफी ओतण्याची रीत लेखिकेला पसंत पडली नाही, असे कारण पुढे सांगितले जाई. हे वाचून हसू येईल. परंतु ज्या पात्राने जन्मभर स्वयंपाकघरात कॉफीच ओतावयाची, त्या पात्राच्या बाबतीत कॉफी कशी ओतली हा प्रश्न लहान म्हणता येत नाही. काही काळाने हेलनबाईंना परत बोलाविण्यात आले आणि मग त्या राहिल्या.

त्या वेळचे काम कसे होते, याचीही कल्पना असावी. १९७५ पर्यंत ही मालिका थेट प्रक्षेपित होत असे. सकाळी तालीम करावयाची आणि दुपारी दीड वाजता सगळ्या देशासमोर उभे राहावयाचे. वाक्य चुकले तर ते चुकलेलेच ऐकू जाणार. आठवड्यातून पाच दिवस रोज नवी संहिता पाठ करावयाची आणि दुसऱ्या दिवशी ती विसरावयाची. नाटकात एक भूमिका शंभर वेळा घासूनपुसून करता येते. येथे प्रत्येक प्रयोग पहिला आणि तोच शेवटचा.

या थेट प्रक्षेपणामुळेच हेलनबाई एका ऐतिहासिक क्षणाशी जोडल्या गेल्या. २२ नोव्हेंबर १९६३, शुक्रवार. भाग सुरू होऊन दहा मिनिटे झाली होती. मुलगा बॉब याने आपल्या घटस्फोटित पत्नीला सणाच्या जेवणाला बोलाविले आहे, ही गोष्ट नॅन्सी म्हाताऱ्या सासऱ्यांना सांगत होती. इतक्यात चित्र नाहीसे झाले, पडद्यावर बातमीची पाटी आली आणि वॉल्टर क्रॉन्काइट यांचा नुसता आवाज ऐकू आला. अध्यक्ष केनेडी यांच्यावर डल्लास येथे गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. वृत्तकक्षातील कॅमेरा तापून तयार होण्यास वेळ लागे, म्हणून क्रॉन्काइट यांचा चेहरा दिसत नव्हता. नटमंडळींना मात्र यातले काहीच ठाऊक नव्हते. ती आपली वाक्ये बोलतच राहिली. अमेरिकेतील असंख्य गृहिणींना ती बातमी प्रथम कळली ती अशी, नॅन्सीच्या बोलण्याच्या मध्येच. देशाचा इतिहास घरात शिरतो तेव्हा बाईच्या हातचे काम अर्धेच राहिलेले असते, याचे याहून नेमके चित्र मला ठाऊक नाही.

१९५८ पासून पुढे जवळजवळ वीस वर्षे ही मालिका दुपारच्या मालिकांत पहिल्या क्रमांकावर होती. तिच्यातून कित्येक जण आले आणि गेले. मेग रायन आणि ज्युलियान मूर या दोघी १९८० नंतरच्या दशकात येथे काम करून चित्रपटात गेल्या व जगप्रसिद्ध झाल्या. हेलनबाई तेथेच राहिल्या. त्यांच्याही वाट्याला उपेक्षा आली. नव्या लेखकांना तरुण पात्रांत अधिक रस वाटू लागला, नॅन्सीचे काम आटले आणि काही काळ तर त्या मालिकेबाहेरच होत्या. १९८६ साली तीस वर्षे त्यांच्या नवऱ्याची भूमिका करणारे डॉन मॅकलॉफलिन वारले आणि कथेतील नॅन्सी विधवा झाली. पुढे तिचे दुसरे लग्न दाखविले गेले आणि त्या पतीला स्मृतिभ्रंशाचा, अल्झायमरचा, विकार जडला. आपले माणूस डोळ्यांदेखत आपल्याला विसरत जाते, हे दुःख त्या काळी घराघरांत दाबून ठेवलेले होते. वयाच्या सत्तरीत हेलनबाईंनी ते दुपारच्या वेळी, साबणाच्या जाहिरातींच्या मधल्या अवकाशात, बोलून दाखविले. २००४ साली त्यांना दुपारच्या कार्यक्रमांसाठीचा जीवनगौरव एमी पुरस्कार मिळाला.

पण ज्या दुपारवर हा सारा डोलारा उभा होता, ती दुपारच बदलत होती. अमेरिकेतील स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीला जाऊ लागल्या. दुपारी दीडला घरी कोणी राहिले नाही. वाहिन्या वाढल्या. ८ डिसेंबर २००९ रोजी मालिका बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. शेवट दिसत असतानाच, १ मे २०१० रोजी, हेलनबाई वारल्या. त्यांचे वय एक्याण्णव होते. एकाच भूमिकेत इतका दीर्घ काळ राहिल्याचा गिनेसचा विक्रम तेव्हा त्यांच्या नावावर होता. पुढे इंग्लंडच्या विल्यम रोच यांनी तो मागे टाकला. १७ सप्टेंबर २०१० रोजी अखेरचा भाग दाखविला गेला. पहिल्या भागात नॅन्सीने सुप्रभात म्हटले होते. शेवटी तिच्या मुलाची, डॉ. बॉबची, भूमिका १९६० पासून करणाऱ्या डॉन हेस्टिंग्ज यांनी शुभरात्री म्हटले.

आपल्याकडे हा प्रकार ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’च्या रूपाने आला. आपले वसंत साठे केंद्रात मंत्री असताना १९८२ साली मेक्सिकोला गेले होते. मालिकेतून समाजशिक्षण कसे होते हे पाहून त्यांनी ही कल्पना मांडली. म्हणजे वाट निराळी. पण रोजच्या घरातली रोजची गोष्ट, हा गाभा तोच.

मालिका पाहणाऱ्या बाईला हसण्याची आपल्यात रीत आहे. पुष्कळ मालिकांना ते हसणे शोभतेही. हेवेदावे आणि कारस्थाने यांचा कंटाळा कोणालाही यावा. परंतु हेलनबाईंच्या नॅन्सीने कारस्थान केले नाही. तिने टेबल मांडले, कॉफी ओतली, मुलांची वाट पाहिली, नवऱ्यांची आजारपणे काढली. हे काम आपण सगळ्याच करतो आणि त्याला कोणी काम म्हणत नाही. एका शिकलेल्या, गुणी अभिनेत्रीला ते चोपन्न वर्षे मन लावून करण्याजोगे वाटले, आणि तिला ते रोज नव्याने शिकावे लागले. दुपारच्या उसंतीत ही एवढी गोष्ट आठवली तरी पुरे.