‘ब्राह्मी’ म्हणजे कोणती ब्राह्मी?

मावळातील कार्ले लेण्यात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने आपले गाव, नाव आणि काम कोरून ठेवले; हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम, अशी ग्वाहीही दिली. लिपी ब्राह्मीच, तरी अशोककालीन ब्राह्मीहून वळण निराळे. २०१० मध्ये युनिकोडने मात्र शतकाशतकांची ही वळणे एकाच संकेतसंचात आणली. त्यामुळे मोफत फॉन्टच्या वर्णनात नुसते ‘ब्राह्मी’ लिहून भागत नाही (‘सुंदर’, ‘आधुनिक’ ही विशेषणे तर निरुपयोगीच). एकाच संकेतांकाचे चिनी अक्षर चीन, तैवान आणि जपानमध्ये वेगळे रेखाटले जाते. म्हणून चांगल्या वर्णनात प्रदेश सांगितलेला असतो. ब्राह्मीसाठी शतक सांगावे, अक्षरे कोणत्या लेखावरून घेतली तेही. एरवी भूतपालाचा लेख अशोकाच्या अक्षरांत छापला जाईल आणि वळणावरून काळ ठरवणारा विद्यार्थी काही शतके मागे जाईल.