पुतळी: व्हेनिसच्या नाण्याची मराठी माळ

पुतळ्यांची माळ म्हणजे सोन्याच्या पातळ, गोल चकत्यांची माळ. चकती जुन्या पंचवीस पैशांच्या नाण्याहून किंचित मोठी. तिच्यावर लक्ष्मीची किंवा राम-सीतेची आकृती ठशाने उठवलेली असते, वरच्या कडेला डाग देऊन कडी बसवलेली असते आणि सगळ्या चकत्या पटवेकऱ्याने रेशमी गोफात ओवलेल्या असतात. छत्रपती संभाजीनगरच्या सिटी चौकाजवळच्या सराफ्यात लग्नसराईत ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ यांच्या जोडीने ही माळ हटकून मागितली जाते. चकतीवर पुतळी, म्हणजे छोटी मूर्ती आहे, म्हणून दागिन्याचे नाव पुतळी, असा उलगडा बहुतेकांना पुरतो. तो चूक नाही, पण अर्धा आहे. मूळ पुतळीवर लक्ष्मी नव्हती आणि राम-सीताही नव्हते. तिच्यावर एक ख्रिस्ती संत होता आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख.

हे नाणे म्हणजे व्हेनिसचा दुकात. १२८४ मध्ये ते पहिल्यांदा पाडले गेले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबाने २९ गुंजांच्या आसपास. सोने ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध. मध्ययुगातल्या भट्टीला याहून चोख सोने काढणे फारसे जमत नसे. एका बाजूला संत मार्क राज्यप्रमुखाच्या, म्हणजे ‘दोजे’च्या, हाती निशाण देतो आहे, दोघांच्या मध्ये निशाणाचा उभा दांडा. दुसऱ्या बाजूला लंबगोल प्रभावळीत उभा येशू, भोवती तारे. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडवले, तोवर पाचशे वर्षे दोजे बदलत गेले, नाण्यावरचे त्यांचे नाव बदलत गेले. चित्र, वजन आणि कस मात्र बदलला नाही. परक्या मुलखातल्या सराफाला याहून अधिक काय हवे असते?

या नाण्याचे दुसरे नाव ‘झेक्किनो’. ते ‘झेक्का’ या व्हेनिसच्या टाकसाळीच्या नावावरून पडले आणि ‘झेक्का’ हा अरबी ‘सिक्का’. मराठीतला शिक्का तोच. ‘झेक्किनो’चे फ्रेंच-इंग्रजीत ‘सिक्विन’ झाले आणि पुढे कपड्यावर शिवायच्या चमचमत्या टिकलीला ते नाव लागले. घागऱ्यावरची प्लॅस्टिकची टिकली ही नात्याने पुतळीची गरीब चुलतबहीणच.

दुकात दख्खनेत कसा पोचला, हे सरळ आहे. मिरी, मसाले, नीळ आणि सुती कापड घेण्यासाठी युरोपकडे देण्याजोगा माल थोडा होता. उरलेली बाकी सोन्याचांदीने चुकवावी लागे. व्हेनिसचे सोने अलेक्झांड्रियाला, तिथून तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि तिथून गुजरात, कोकण, मलबारच्या किनाऱ्याला येई. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणारी वाट औरंगाबादेवरून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरवरून, होती. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या तिचे वर्णन मुक्कामागणिक करतो. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाली आणि दख्खनच्या सुभ्याचे ठाणे म्हणून फुगत गेली. तिला स्वतःची टाकसाळही होती. तिथल्या नाण्यांवर शहराचे बिरुद ‘खुजिस्ता बुनियाद’ असे येते. या शहरात व्हेनिसचे नाणेच नव्हे, व्हेनिसचा माणूसही राहून गेला. निकोलाव मनुची १६३८ मध्ये व्हेनिसला जन्मला, पोरवयात घरातून पळाला आणि १६८० च्या सुमारास शहजादा शाहआलमच्या पदरी वैद्य म्हणून औरंगाबादेत होता. त्याने आपल्या गावचे नाणे इथल्या बायकांच्या गळ्यात पाहिले असेल, हा तर्क आहे. पण न पाहणे त्याला अवघड गेले असते.

आता वाद. पुतळी हे नाव खरोखर दुकाताचे, की ते आधीपासूनच कुठल्या देशी नाण्याचे होते? शब्द देशी आहे यात शंका नाही: संस्कृत ‘पुत्तलिका’, मराठी पुतळी, अर्थ बाहुली, मूर्ती, डोळ्यातली बाहुली. मोल्सवर्थच्या कोशात याच अर्थांच्या रांगेत सोन्याचे नाणे हाही अर्थ दिलेला आहे. प्रश्न शब्दाचा नाही, वस्तूचा आहे.

पहिला प्रतिस्पर्धी रामटंका. राम-सीता-लक्ष्मण कोरलेली ही गोल मुद्रा देवघरात पूजेला ठेवतात आणि पुतळीवरही रामसीता दिसतात, तेव्हा वंश तोच, असे म्हटले जाते. पण रामटंका आकाराने मोठी आणि वजनाने जड. ती बाजारात चालण्यासाठी नव्हतीच. पुतळी बाजारात चालत होती.

दुसरा प्रतिस्पर्धी अधिक मोहक आहे. अकबराने कारकिर्दीच्या अगदी शेवटी, १६०४-०५ च्या सुमारास, धनुर्धारी राम आणि मागे सीता असे चित्र असलेली सोन्याची अर्धी मोहर पाडली. चित्र अगदी हवे तसे आहे. अडचण एवढीच की ही नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडली आहेत. एवढ्याशा नाण्याने दख्खनभरच्या गळ्यांतल्या माळेला नाव द्यावे, हे पटत नाही.

तिसरा प्रतिस्पर्धी सर्वांत बळकट: विजयनगरचा होन. होनावर उमा-महेश्वर, लक्ष्मी-नारायण अशा बसलेल्या मूर्ती असत, म्हणजे त्या शब्दशः पुतळ्याच. शिवाय होन साधारण ३.४ ग्रॅमचा, दुकाताच्या वजनाला जवळजवळ बिलगलेला. पण होनाला मराठीत नाव कसे पडले ते पाहावे. १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे. तीत देवराई, अच्युतराई, रामचंद्रराई, शिवराई असे होन राजांच्या नावाने येतात. मोहरा वेगळ्या येतात. आणि पुतळी आणखी वेगळी येते. मूर्तीचे होन जर आपापल्या राजाच्या नावाने ओळखले जात असतील, तर नुसती ‘पुतळी’ म्हणून उरणारे नाणे असे हवे, ज्यावरचा राजा वाचता येत नाही. लॅटिन अक्षरे इथे कोण वाचणार? राहिली ती आकृती. जे वाचता येत नाही त्याला दिसते त्यावरून नाव पडते, आणि या एका मुद्द्यावर दुकाताची बाजू सगळ्यांत भारी ठरते.

त्यात मराठवाड्याची एक खास साक्ष आहे. देवगिरीच्या यादवांचा पद्मटंक कमळाचा. त्यावर माणूस नाही. निजामशाही आणि मोगली नाणी अक्षरांची. अकबराची ती दुर्मीळ अर्धी मोहर आणि जहांगीरचे काही हौशी प्रयोग सोडले तर त्यांवरही माणूस नाही. देवगिरीच्या पायथ्याच्या बाजारात तीन-चारशे वर्षे सोन्यावर कमळ आणि फारसी अक्षरे पाहिलेल्या डोळ्याला ज्या नाण्यावर माणसे उभी आहेत ते ‘पुतळी’ वाटणारच. गोव्यात पोर्तुगीजांनी संत थॉमसचे चित्र असलेली सोन्याची नाणी पाडली होती, हे इथे कबूल केले पाहिजे. कोकणात त्यांनाही पुतळी म्हटले गेले असण्याचा संभव आहे. पण सह्याद्री चढून यायला लागणारी पाच शतकांची पत त्यांच्यापाशी नव्हती.

परक्या चित्राचे देशी वाचन हा प्रकार मराठीपुरता नाही. तमिळ मुलखात याच दुकाताला ‘शाणार काशू’ म्हणतात. मार्क आणि दोजे यांच्यामधला दांडा तिथे ताडाचे झाड झाला आणि बाजूचा माणूस ताडी काढायला निघालेला शाणार. मराठी नजरेने त्याच दांड्याच्या दोन बाजूंना देवाची जोडी पाहिली. मागणी वाढली तशा भारतात दुकाताच्या नकला होऊ लागल्या. त्यांतली अक्षरे म्हणजे अर्थहीन रेघोट्या, दोजेचे गुडघे गायब, येशूभोवतीचे तारे नुसते ठिपके. अशी नक्कल दोन-तीन पिढ्या झाली की मूळ चित्र उरत नाही आणि सोनार त्या जागी ओळखीचे चित्र घालतो. लक्ष्मी पुतळीवर आली ती अशी, हे अनुमान. पण मधल्या पायऱ्यांची बिघडलेली नाणी संग्रहांत पाहायला मिळतात.

नाणे गळ्यात घालण्याची रीत मात्र दुकाताहून फार जुनी आहे. पेरिप्लस या समुद्रव्यापारावरच्या प्राचीन ग्रीक ग्रंथात भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवरचे पैठण आणि त्यापलीकडे दहा दिवसांवरचे तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, यांचा माल सांगितला आहे. रोमन सोन्याचांदीची नाणी भडोचला देशी चलनात बदलली की नफा होतो, असेही त्यात नोंदले आहे. तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत, ओवण्यासाठी भोक किंवा कडी ठेवलेल्या. आंध्रात सापडलेल्या काही रोमन सुवर्णनाण्यांना बादशहाच्या डोक्याच्या वर शेजारी शेजारी दोन भोके आहेत, म्हणजे चेहरा सरळ लटकावा. ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांनी माती ओवली. व्हेनिसने ही हौस निर्माण केली नाही. हौस होतीच, तिला फक्त नवे नाणे मिळाले.

नाणे आणि दागिना किती जवळचे, हे ‘सराफ’ हा शब्दही सांगतो. अरबी ‘सर्राफ’ म्हणजे नाणी बदलून देणारा, दागिने घडवणारा नव्हे. घडवतो तो सोनार. तरीही मराठीत दागिना घ्यायला माणूस सराफाकडे जातो, कारण दागिना आणि नाणे यांच्यात फरक एका कडीचा होता. अडचण आली की कडी काढायची आणि नाणे बदलून घ्यायचे. तावेर्नियेने इथल्या पारख्यांची एक चिकाटी टिपली आहे. कसोटीच्या दगडावर सोने घासल्यावर राहणारी रेघ ते काळी राळ आणि मेण यांच्या गोळ्याने पुसून घेत आणि काही वर्षांनी तो गोळा जाळून त्यात साचलेले सोने काढत.

या पारखीच्या भाषेतला ‘बावनकशी’ हा शब्द तर स्वतंत्र कोडे आहे. बावन्न वेळा कसाला लावलेले ते बावनकशी, असे सांगतात. पण एकदा घासून कळते ते बावन्नदा घासून अधिक कळत नाही. भारतीय मोजपट्टीत बावन्न कुठेच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उत्तम सोने सोळा वर्णांचे, अकबराच्या काळी बारा ‘बानां’चे. हिंदीतले ‘बारहबानी’ तेच. बान म्हणजे वर्ण, वाण. ‘बारा वानी कसाचे’ जिभेवर घासत घासत ‘बावनकशी’ झाले आणि मग बावन्न या आकड्याने ते आपलेसे केले, अशी व्युत्पत्ती मांडता येते. विरोधी पक्ष म्हणेल की मराठीत ‘रा’ असा सहजी गळत नाही, आणि तो आक्षेप खरा आहे. तरीही बावन्नदा घासण्यापेक्षा बारा वाण बरे. शब्दाला प्रतिष्ठा मात्र पक्की मिळाली: सावित्रीबाई फुले यांच्या १८९२ च्या काव्यग्रंथाचे नाव ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’.

कॅरटही अखेर नाण्यातूनच आला. कॉन्स्टंटाइनच्या सोन्याच्या नाण्याचे वजन २४ कॅरोब बियांइतके धरत. त्या बीचे ग्रीक नाव अरबीत ‘किरात’ झाले आणि शुद्ध सोने २४ ठरले. दुकात या मापाने जवळजवळ पूर्ण २४. इतके मऊ सोने खडे जडवायला कामाचे नाही, पण चपट्या चकतीला कोंदण लागत नाही, म्हणून ते गळ्यात टिकले. २२ कॅरटची सवय इंग्रजी सॉव्हरिनने, म्हणजे आपल्या गिनीने लावली. ७.९८ ग्रॅमच्या त्या नाण्यात बावीस भाग सोने, दोन भाग भेसळ; हजारात मांडले की ९१६. गिन्यांची माळही मग पुतळ्यांच्या शेजारी आली. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात १४ कॅरटच्या वर दागिना घडवण्यास बंदी आली, सोनारांचे हाल झाले आणि गिऱ्हाइकाने ते सोने मनापासून कधीच पत्करले नाही. नियंत्रण कायदा १९९० मध्ये गेला. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. आजच्या पुतळीच्या मागे तो क्रमांक आणि ९१६ असतो. ती व्हेनिसच्या पुतळीहून कसाने कमी आहे.

म्हणूनच आजी-पणजीची पुतळ्यांची माळ मोडीत घालताना एक काळजी घ्यावी. मोडीत कड्यांच्या डागाची घट धरून सगळी माळ एकाच भावाने तोलली जाते. त्याआधी प्रत्येक चकती भिंगाखाली पाहावी. दोन माणसांमधल्या दांड्यालगत डी, व्ही, एक्स ही तीन लॅटिन अक्षरे उभी एकाखाली एक स्पष्ट दिसली, मागे प्रभावळीत तारे असले आणि कडी वगळून वजन साडेतीन ग्रॅमच्या जवळ भरले, तर ती चकती वितळवू नये. आधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवावी.