लोणारचा खळगा आणि मावळचा कातळ

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर ऑगस्टांत ययाति तारकासमूहांतला उल्कावर्षाव पाहूं म्हटलें, तर ढग बहुधा निराशाच करतात. डिसेंबरांत मात्र आकाश धुतल्यासारखें होतें, आणि १३-१४ तारखेच्या रात्रीं मिथुन राशीकडून उल्कांच्या रेघा उमटूं लागतात. जुन्या घरांतलीं वडील माणसें 'तारा तुटला' म्हणत, आणि कोणीतरी गेलें असें समजून हळहळत. वास्तविक तारा जागच्या जागींच असतो. जळतो तो बहुधा वाळूच्या कणाएवढा खडा, आणि तोहि जवळजवळ शंभर किलोमीटर उंचीवर.

सगळेच खडे जळून जात नाहींत. २२ मे २०१२ रोजीं भर दुपारीं नागपूर जिल्ह्यांतील काटोलच्या आसपास मोठा कडकडाट होऊन दगड पडले. परंतु महाराष्ट्रांत उतरलेल्या सर्वांत मोठ्या पाहुण्यानें मागें ठेवला तो खळगा.

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या या खळग्याचें तोंड सुमारें १.८ किलोमीटर रुंद असून तळाशीं खारें सरोवर आहे. येथें लवणासुर दडून राहात असे, आणि विष्णूनें अंगठ्यानें झांकण उडवून त्याला मारिलें, अशी कथा आहे. खळगा कसल्या तरी उडवण्यानें झाला, एवढें कथाकारानें बरोबर ओळखलें होतें म्हणावयाचें!

विद्वानांना मात्र उशीर लागला. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें १८२३ सालीं या स्थळाची नोंद केली. पुढें दीर्घकाळ त्याला ज्वालामुखीचें मुख मानण्यांत आलें. अमेरिकेच्या गिल्बर्टनें १८९६ सालीं ॲरिझोनांतील अशाच एका खळग्याशीं त्याचें साम्य दाखविलें, पण कारण वाफेच्या स्फोटाचें धरलें. मावळ पाहिलेल्या माणसाला या चुकीचें नवल वाटूं नये. कार्ले-भाजें येथील लेणीं ज्या काळ्या कातळांत कोरलीं, तोच लाव्ह्याचा कातळ लोणारपर्यंत पसरला आहे. पायाखालची भुईच ज्वालामुखीची. मग आकाशाकडे कोण पाहतो? तरीहि एक गोष्ट खटकावयास हवी होती. हा लाव्हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा, आणि खळग्याचे उंचावलेले कांठ मात्र अजून ताजे.

तळाशीं भोंकें पाडून काढलेल्या खडकांनीं अखेर निकाल दिला. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत मॅस्केलिनाइट सांपडल्याचें दाखविलें. प्रचंड आघाताच्या दाबानें फेल्डस्पार या खनिजाची अशी काच होते. ज्वालामुखींत तेवढा दाब निर्माण होत नाहीं.

वयाचा वाद मात्र मिटलेला नाहीं. एका पद्धतीनें तें सुमारें ५० हजार वर्षें येतें, तर २०११ सालच्या आर्गॉन वायूवरील मापनानें सुमारें ५ लाख ७० हजार. आघातानें वितळलेल्या खडकांत जुन्या लाव्ह्यांतील आर्गॉन थोडाबहुत अडकून राहतो, आणि तो वेगळा काढणें सोपें नाहीं.