रानअळंब्यांचे रंग : शब्दापासून छायाचित्रापर्यंत

वनस्पती दाबून वाळविली तर तिचे पान पुष्कळ अंशी ओळखू येते. अळंबे वाळविले की त्याचा रंग बहुधा जातो आणि आकारही आक्रसतो. संग्रहालयातील तपकिरी तुकडा रानात शेंदरी होता की जांभळा, हे मग सांगता येत नाही. रंगाची नोंद ताज्या नमुन्यावरूनच करावी लागते. ती कशाने करावी, हा कवकशास्त्रातील जुना प्रश्न होय.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ब्युलियार व इंग्लंडमध्ये जेम्स सॉवर्बी यांनी अळंब्यांची रंगीत चित्रे प्रसिद्ध केली. सॉवर्बीने तर मातीच्या रंगविलेल्या प्रतिकृतीही घडविल्या. परंतु अशी चित्रे खर्चाची. बहुसंख्य अभ्यासकांची भिस्त शब्दांवरच राहिली. आणि शब्द डळमळीत! एकाचा 'पिवळसर' तो दुसऱ्याचा 'मातकट'. पादुआ येथील प्राध्यापक साक्कार्दो यांनी १८९१ साली 'क्रोमोटॅक्सिया' ही पुस्तिका काढली, ती याच गोंधळावर उपाय म्हणून. तीत ५० रंगांचे नमुने असून त्यांची लॅटिन नावे व अन्य युरोपीय भाषांतील पर्याय दिले आहेत. भाषाभ्यासकाने अवश्य पाहावे असे हे पुस्तक आहे; कारण रंगवाचक शब्द अखेर वस्तूंकडूनच उसने घेतलेले असतात, हे त्यात उघड दिसते. मराठीत अंजिरी, मोतिया, राखी. लॅटिनमध्ये गंधकावरून 'सल्फ्युरियस', लिंबावरून 'सिट्रिनस'. पुढे १९१२ साली अमेरिकन पक्षितज्ज्ञ रिजवे यांनी रंगांची संख्या १,११५ पर्यंत नेली. कवकशास्त्रज्ञांनी त्यांचा ग्रंथ आनंदाने स्वीकारला.

छायाचित्र या वादात उशिरा आले. अ‍ॅटकिन्सन यांच्या १९०० सालच्या अमेरिकन कवकांवरील ग्रंथात सुमारे २०० छायाचित्रे आहेत, पण ती कृष्णधवल. १९०७ साली ल्यूमिएर बंधूंची 'ऑटोक्रोम' काच बाजारात आली. रंगविलेल्या बटाट्याच्या पिठाच्या कणांतून ती रंग पकडी. तिला उघडीप दीर्घकाळ द्यावी लागे. अळंबे हलत नाही, हे तिच्या पथ्यावर पडणारे होते. १९३५ साली कोडॅक्रोम आली आणि काम पुष्कळ सुलभ झाले.

तथापि यंत्र आपोआप खरे बोलते, हा समज भाबडा आहे. झाडांच्या सावलीतला प्रकाश पानांतून गाळून येतो आणि पांढऱ्या अळंब्यालाही हिरवट करतो. म्हणून आजचा जाणता छायाचित्रकार चौकटीत प्रथम करडा पुठ्ठा ठेवून एक चित्र घेतो व त्यावरून रंग जुळवितो. साक्कार्दोच्या रंगपत्रकाचेच हे वंशज म्हणावयास हरकत नाही.

नवशिके बहुधा टोपीच्या देखण्या रंगावरच भिंग रोखतात. अतिनिकट छायाचित्रणात स्पष्टतेचा पट्टा काही मिलिमीटरांचाच असल्याने बाकीचे सारे धूसर होते. प्राणघातक 'अमानिता फॅलॉइडीस'ची टोपी हिरवट, पिवळसर, क्वचित जवळजवळ पांढरीही आढळते. तिची ओळख टोपीखालील पांढरे पडदे, देठावरील कडे आणि मातीत दडलेली बुडाची पिशवी यांवरून पटते. केवळ वरून घेतलेल्या चित्रात यांपैकी एकही खूण येत नाही.