१०८ सेकंदांचा रस्ता

इंजिनाची चाचणी म्हणजे इंजिन सुरू करून मोजमाप घेणे, एवढे सारेच जाणतात. पण कोणत्या वेगाला, किती भारावर, किती वेळ आणि कोणत्या तापमानाला? हे आधी ठरवून लिहिले नाही, तर दोन इंजिनांची तुलनाच होऊ शकत नाही. या लिखित क्रमाला चाचणी-आराखडा म्हणतात. पुढच्या इंजिनालाही तो लावता यावा म्हणून बदलणाऱ्या आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या, की त्याचे टेम्प्लेट होते. आज हे टेम्प्लेट इंजिनाचे संगणकीय प्रतिमान घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होते. त्यामागची कल्पना मात्र रस्त्यावर जन्मली.

धुरक्याने त्रस्त झालेल्या लॉस एंजेलिस शहरात सकाळी कामावर जाणाऱ्या वाहनाचा वेग नोंदवला गेला. त्या नोंदीवरून अमेरिकेने १९७२ मध्ये १,३७२ सेकंदांचे चालनचक्र सिद्ध केले. प्रयोगशाळेत रोलरवर उभी केलेली गाडी सेकंदागणिक तोच वेग गाठू लागली. एका शहरातील एक प्रवास सगळ्या गाड्यांसाठी मोजपट्टी ठरला.

भारताचे रस्ते निराळे होते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या 'एआरएआय' या वाहन संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात भारतीय शहरांत रस्त्यावरील चाचण्या घेऊन 'भारतीय चालनचक्र' तयार केले. वेग वाढवणे, काही काळ टिकवणे, कमी करणे आणि इंजिन चालू ठेवून थांबणे, असा हा १०८ सेकंदांचा क्रम सहा वेळा फिरवायचा. कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी जेमतेम २२. पेट्रोल वाहनांसाठी १९९१ पासून उत्सर्जनाची मर्यादा लागू झाली, ती या चक्राच्या आधारावर. पुढे मोटारींसाठी सुधारित चक्र आले: १,१८० सेकंदांचे, कमाल वेग ताशी ९०. मूळ युरोपीय चक्रात ही मर्यादा १२० होती. आपल्या रस्त्यांसाठी ती खाली आणावी लागली.

चाचणीचा क्रम ठरलेला असला की निकाल तुलनायोग्य होतात, हा त्याचा मोठा गुण. त्याचा दोषही याच गुणातून उगवतो. प्रश्नपत्रिका दरवर्षी तीच असेल, तर विद्यार्थी विषय सोडून प्रश्नपत्रिकाच पाठ करतो. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत नेमके हेच उघड झाले. चाचणी चालू असल्याचे ओळखून त्यांचे सॉफ्टवेअर नायट्रोजन ऑक्साइडे कमी करी. रस्त्यावर आल्यावर ते वेगळे वागे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी उपकरणे गाडीतच बसवून प्रवास केला, तेव्हा एका गाडीचे उत्सर्जन मर्यादेच्या १५ ते ३५ पट आढळले. भारतात एआरएआयच्या तपासणीनंतर कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावल्या. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनालाही नियम लागू झाला, त्याची पार्श्वभूमी ही आहे.

हा इतिहास मला आठवतो तो रायपूरच्या पंडरी भागात, मे महिन्यातील दुपारी, कापडबाजारापाशी वाहनांच्या रांगेत अडकल्यावर. काही वर्षांपूर्वी मी एका इंजिनाच्या प्रतिमानासाठी जुने टेम्प्लेट जसेच्या तसे उचलले होते. वेग, भार, इंधनाचे प्रमाण असे सारे रकाने भरले. हवेचे तापमान मात्र आधीच भरलेले होते: २५ अंश. ते मला दिसलेच नाही. पंडरीत ४५ अंशांना, दाब तोच धरला तरी, हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. म्हणजे सिलिंडरमध्ये तेवढा ऑक्सिजन कमी. माझे आलेख सुबक आले होते, पण ते दुसऱ्याच हवेचे होते.

तेव्हापासून माझ्या टेम्प्लेटमध्ये तापमानाचा रकाना रिकामा असतो. तो भरल्यावाचून गणन सुरूच होत नाही. प्रत्येक ठरीव आकड्याशेजारी तो कोठून आला, कोणत्या वर्षी आणि कोणत्या परिस्थितीसाठी, हे एका ओळीत लिहिलेले असते. विद्यार्थ्यांनी पहिले टेम्प्लेट तयार करतानाच ही सवय लावून घ्यावी. चालनचक्र घडवणाऱ्यांना आपला रस्ता कोणता, हे ठाऊक होते. आयते टेम्प्लेट वापरणाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही.