फवारणीचे अतिउच्च ताकदीचे काँक्रीट : मिश्रणाचे गणित

काँक्रीट हवेच्या दाबाने भिंतीवर मारण्याची कल्पना स्थापत्य अभियंत्याची नव्हे, तर मृत प्राण्यांचे हुबेहूब नमुने तयार करणाऱ्या एका कलावंताची. शिकागोच्या फील्ड संग्रहालयात काम करणाऱ्या कार्ल एकली यांनी १९०७ मध्ये संग्रहालयाच्या इमारतीचा झडू लागलेला दर्शनी भाग दुरुस्त करण्यासाठी हे यंत्र बनवले. कोरडे वाळू-सिमेंट रबरी नळीतून हवेने ढकलायचे आणि नळीच्या तोंडाशी त्यात पाणी मिसळायचे, अशी ती साधी युक्ती होती. १९११ मध्ये तिचे पेटंट झाले आणि या मालाला 'गनाइट' हे व्यापारी नाव मिळाले. महाराष्ट्रात जुन्या पुलांच्या व इमारतींच्या दुरुस्तीच्या कामावर आजही 'गनायटिंग' हाच शब्द ऐकू येतो, तो तेव्हापासूनचा. पुढे १९५० च्या दशकात, मिक्सरमध्येच पाणी घालून तयार केलेले काँक्रीट पंपाने नोझलपर्यंत आणायचे आणि तेथे हवेने फेकायचे, ही ओली पद्धत रुळली. बोगद्यांच्या कामात आता बहुतेक ठिकाणी तीच वापरली जाते.

अतिउच्च ताकदीच्या काँक्रीटची कुळकथा वेगळी आहे. डेन्मार्कमध्ये हान्स हेन्रिक बाके यांनी सिमेंटच्या कणांमधील पोकळ्या सिलिका फ्यूमच्या अतिसूक्ष्म कणांनी भरण्याचा विचार मांडला. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये पिएर रिशार व मार्सेल शेरेझी यांनी खडी पूर्णपणे वगळून, बारीक वाळू, सिलिका फ्यूम आणि पोलादी तंतू यांचे 'रिअॅक्टिव्ह पावडर काँक्रीट' तयार केले. कॅनडातील शेरब्रुक येथे १९९७ मध्ये याच काँक्रीटचा ६० मीटर लांबीचा पादचारी पूल उभा राहिला. त्याच्या पृष्ठपट्टीची जाडी अवघी ३० मिलिमीटर आहे. नेहमीच्या इमारतीच्या काँक्रीटची दाबक्षमता २० ते ४० मेगापास्कल असते; या काँक्रीटची १२० च्या पुढे सुरू होते.

या दोन परंपरा एकत्र आणण्याचा मोह स्वाभाविक आहे. बोगद्याच्या अस्तराची जाडी कमी झाली तर खोदाई कमी होते. दगडी कमानीच्या जुन्या पुलाला किंवा गंजलेल्या मोरीला आतून मजबुती द्यायची असेल, तर पाण्याचा वा वाहतुकीचा मार्ग फारसा न आवळता ती देता येते. साचे बांधावे लागत नाहीत. पण साच्यात ओतायच्या मिश्रणाचे प्रमाण जसेच्या तसे पंपात घातले तर काम बहुधा फसते. दोन्हींच्या गरजा थेट एकमेकांविरुद्ध आहेत आणि मिश्रणाचे प्रमाण ठरवणे म्हणजे मुख्यतः हा विरोध मिटवणे होय.

ओघळणारी ताकद

ओतायच्या अतिउच्च ताकदीच्या मिश्रणात घनमीटरला साधारण ७०० ते १००० किलो सिमेंट असते. सिलिका फ्यूम सिमेंटच्या वजनाच्या २० ते २५ टक्के असते आणि पाणी एकूण बंधक पदार्थांच्या केवळ १६ ते २२ टक्के. सिमेंटच्या संपूर्ण रासायनिक क्रियेसाठी त्याच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के पाणी लागते. म्हणजे यातील बरेचसे सिमेंट कायमचे अर्धवट राहते आणि कडक भरावाचे काम करते. एवढ्या कमी पाण्यात मिश्रण वाहते ठेवण्याची जबाबदारी पॉलिकार्बोक्झिलेट जातीच्या सुपरप्लास्टिसायझरवर येते. त्याचा भरपूर डोस दिला की मिश्रण मधासारखे संथ पण आपोआप पसरणारे होते. साच्यात हा गुण, भिंतीवर हाच दोष.

तो किती मोठा दोष, हे साध्या हिशोबाने कळते. भिंतीवर ५० मिलिमीटरचा थर बसवायचा तर या काँक्रीटचे वजन चौरस मीटरला १२५ किलो भरते. ते खाली सरकू नये म्हणून ताज्या काँक्रीटमध्ये सुमारे १,२०० पास्कल इतका 'पराभव ताण' हवा. हा ताण ओलांडला की घट्ट लगदा वाहू लागतो. आपोआप पसरणाऱ्या मिश्रणाचा पराभव ताण मात्र काही दहा पास्कलच असतो. ही दरी कितीतरी पटींची आहे. उलट, मिक्सरमध्येच मिश्रण १,२०० पास्कलचे घट्ट केले तर ते नळीतून जाणार नाही. याच्या चिकटपणामुळे पंपाचा दाब आधीच जास्त असतो. म्हणून मिश्रण नळीत मवाळ आणि भिंतीला लागताच ताठ असे दोन स्वभावांचे हवे.

यासाठी तीन उपाय आहेत आणि प्रत्येकाची किंमत ताकदीत मोजावी लागते. पहिला उपाय नोझलपाशी मिसळायच्या शीघ्रदृढीकारकाचा, म्हणजे कामावरच्या भाषेत 'अॅक्सलरेटर'चा. पूर्वीचे सोडियम अॅल्युमिनेटचे अॅक्सलरेटर कामगारांची त्वचा भाजत आणि काँक्रीटची नंतरची ताकदही घटवत. आता अॅल्युमिनियम सल्फेटवर आधारलेले, अल्कलीमुक्त द्रव प्रचारात आहेत. पण त्यांचे साधारण निम्मे वजन पाण्याचे असते, हे अनेकदा विसरले जाते. ८०० किलो सिमेंट आणि २०० किलो सिलिका फ्यूमचे मिश्रण घ्या. पाणी १९० किलो. त्यावर सिमेंटच्या ६ टक्के, म्हणजे ४८ किलो अॅक्सलरेटर गेला की २४ किलो पाणी वाढले. पाण्याचे प्रमाण ०.१९ वरून ०.२१ च्या वर गेले. साध्या शॉटक्रीटमध्ये हा फरक कोणी मोजतही नाही. इथे तो सगळ्या मिश्रणाचा तोल बिघडवतो. म्हणून अॅक्सलरेटरमधले पाणी आरंभीच एकूण पाण्यातून वजा करावे लागते.

दुसरा उपाय हवेचा. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की मिक्सरमध्ये मुद्दाम १० ते २० टक्के हवेचे बुडबुडे धरले तर काँक्रीट सहज पंप होते आणि भिंतीवर आदळताच बहुतेक हवा निघून जाऊन ते आपोआप घट्ट होते. भिंतीवर साधारण ३ ते ६ टक्के हवा उरते. कल्पना देखणी आहे, पण प्रत्येक जादा टक्का हवेमागे ताकद सुमारे ५ टक्क्यांनी घटते, हा काँक्रीटचा जुना आडाखा आहे. चार टक्के हवा अडकून राहिली तर १४० मेगापास्कलचे काँक्रीट ११२ च्या आसपास येते, म्हणजे 'अतिउच्च' या विशेषणाच्या खाली. अतिशय चिकट मिश्रणातून बुडबुडे सुटणे आणखी कठीण, त्यामुळे हवेच्या उपायाला इथे मर्यादा आहे. तिसरा उपाय, सेल्युलोज ईथर किंवा अॅटापल्गाइट मातीसारखे घट्टपणा आणणारे पदार्थ. नळीत हलते तोवर मऊ आणि थांबताच ताठ, हा गुण ते अल्प मात्रेत देतात. त्या मानाने ताकदीची हानी थोडी असते. मात्र मात्रा चुकली तर पंप तुंबतो.

पोकळ्या भरण्याचे शास्त्र

पाणी कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे कणांची दाट रचना. मोठ्या कणांमधली जागा मध्यम कणांनी आणि त्यांच्यातली जागा सूक्ष्म कणांनी भरली, तर पाण्याने भरायची पोकळीच कमी उरते. अँड्रियासेन व अँडरसन यांनी १९३० मध्ये यासाठी मांडलेले कणवितरणाचे सूत्र, फंक व डिंगर यांच्या सुधारणेसह, आजही वापरले जाते. वाळू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, सिमेंटचे कण १० ते २० मायक्रॉन, तर सिलिका फ्यूमचे सुमारे एक दशांश मायक्रॉन. मधल्या रिकाम्या आकारांत चुनखडीची भुकटी, फ्लाय अॅश किंवा झोतभट्टीच्या मळीची पूड बसते. त्यांनी सिमेंटची जागा घेतली की खर्च आणि कार्बनचा भार दोन्ही कमी होतात. महाराष्ट्रात औष्णिक वीजकेंद्रांमुळे फ्लाय अॅशची वाण नाही. फक्त ती सावकाश ताकद धरते, त्यामुळे फवारणीच्या कामात तिचा हात आखडताच ठेवावा लागतो.

वाळूच्या बाबतीत दख्खनच्या काळ्या दगडाची एक खास अडचण आहे. नदीच्या वाळूच्या टंचाईमुळे राज्यात क्रश सँडचा वापर सर्वत्र झाला. बेसॉल्ट सडलेला असेल तर त्यात फुगणारी चिकणमाती असते आणि ती पॉलिकार्बोक्झिलेट सुपरप्लास्टिसायझर स्वतःच शोषून घेते. कागदावर दाट दिसणारी रचना मग प्रत्यक्षात वाहतच नाही. पाणी वाढवून वेळ मारून नेणे साध्या काँक्रीटमध्ये कदाचित खपते, इथे नाही.

पोलादी तंतूंचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा. आकारमानाच्या २ टक्के तंतू म्हणजे घनमीटरला १५७ किलो पोलाद. १३ मिलिमीटर लांब आणि ०.२ मिलिमीटर जाड तंतू घेतले तर एका घनमीटरात सुमारे ४ कोटी ९० लाख तंतू होतात. काँक्रीट ठिसूळ तुटू नये म्हणून ते अपरिहार्य आहेत आणि मिश्रणातील सर्वांत महागड्या घटकांपैकीही तेच एक. फवारणीत ते बहुतांशी भिंतीच्या पृष्ठाला समांतर आडवे पडतात, त्यामुळे वाकण्याविरुद्ध त्यांचा चांगला उपयोग होतो. पण थर दोन टप्प्यांत दिला तर दोन थरांच्या सांध्यातून एकही तंतू आरपार जात नाही. २५ मिलिमीटरचे दोन थर हे ५० मिलिमीटरच्या एका थराची बरोबरी करत नाहीत, ते यामुळेच. थर एकाच फेरीत बसवता येणे ही केवळ सोयीची बाब नव्हे. मिश्रणाच्या निवडीतला तो एक निकष आहे.

चाचणी कोणाची घ्यायची?

साच्यात भरलेल्या ठोकळ्याची ताकद ही मिक्सरमधल्या काँक्रीटची ताकद असते. भिंतीवर पोहोचते ते काँक्रीट वेगळे असते. त्यात अॅक्सलरेटर मिसळलेला असतो, हवा बदललेली असते आणि काही माल उसळून खाली पडलेला असतो. कोरड्या पद्धतीत हे उसळणे १५ ते ३० टक्के, ओल्यात सामान्यतः ५ ते १० टक्के. उसळणारा मालही सरसकट नसतो. जड कण आणि तंतू त्यात जास्त जातात. म्हणून फवारलेल्या पाटांतून गाभा कापून घेतलेल्या नमुन्यांवरच मिश्रणाचा निर्णय व्हायला हवा. ठोकळ्यावर १५० मेगापास्कल आणि गाभ्यावर १०५ देणाऱ्या मिश्रणापेक्षा, ठोकळ्यावर १३० आणि गाभ्यावर १२० देणारे मिश्रण निःसंशय श्रेष्ठ.

पहिल्या काही तासांचा हिशोब तर याहून महत्त्वाचा. ताज्या अस्तराखाली माणसे पाठवण्यापूर्वी अनेक खाणींत किमान १ मेगापास्कल ताकदीची अट घातली जाते. सुपरप्लास्टिसायझरच्या मोठ्या डोसमुळे अतिउच्च ताकदीचे काँक्रीट तासन्‌तास मऊ राहू शकते. अठ्ठाविसाव्या दिवशी कितीही मोठा आकडा आला, तरी त्या रात्री छताखाली उभ्या असलेल्या कामगाराला त्याचा उपयोग नाही. प्रयोगशाळेत ९० अंश सेल्सिअसच्या वाफेत पिकवून मिळवलेले २०० मेगापास्कलचे आकडेही इथे गैरलागू ठरतात. बोगद्याला वाफ देता येत नाही.

इतके निकष असताना एकेक घटक बदलत जाण्याची पद्धत अपुरी पडते, कारण एका घनमीटरात एक घटक वाढला की दुसरा घटतोच. चार घटक प्रत्येकी तीन मात्रांत तपासायचे तर ८१ प्रयोग होतात. लंबकोनी सारणीने ते ९ मध्ये बसतात. या सारण्यांचा पाया भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात घातला आणि जपानच्या गेनिची तागुची यांनी त्या उद्योगांत रुजवल्या. मात्र नऊ प्रयोगांत घटकांचा परस्परप्रभाव लपून जातो. अॅक्सलरेटर व सुपरप्लास्टिसायझर एकमेकांच्या क्रियेत ढवळाढवळ करतात, त्यामुळे या दोघांसाठी स्वतंत्र दुसरी फेरी घेणे शहाणपणाचे असते. सुरुवातीला पंपाचा कमाल दाब, एका फेरीतील जाडी, पहिल्या तासांची ताकद आणि गाभ्याची २८ दिवसांची ताकद यांच्या मर्यादा ठरवाव्यात. त्यात बसणाऱ्या मिश्रणांतून सर्वांत कमी सिमेंट व तंतूंचे मिश्रण निवडावे. सर्वाधिक ताकदीचे मिश्रण शोधणे हा यातला उद्देश नव्हे.

आकुंचनाची चाचणीही पाटावरच घ्यावी. पाणी कमी असल्याने हे काँक्रीट आतूनच सुकत आकसते. मीटरमागे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. मागच्या जुन्या भिंतीने पकडून ठेवलेल्या पातळ थरात त्यामुळे तडे जाण्याची भीती असते. पृष्ठावर पाणी वर येत नसल्याने उन्हात आणि वाऱ्यात साय लवकर धरते. फवारणी संपताच पाण्याचे धुके किंवा संरक्षक लेप देण्याची व्यवस्था आधीच हाताशी ठेवावी लागते. नोझल भिंतीपासून एक ते दोन मीटरवर आणि काटकोनात धरणाऱ्या कारागिराच्या हातावर यातले पुष्कळ अवलंबून असते. यासाठी परदेशांत कारागिरांच्या प्रमाणपत्र परीक्षा होतात आणि त्यांतही कारागिराने फवारलेल्या पाटातून कापलेला गाभा तपासला जातो.