तीन बिंदूंचा आधार आणि यांत्रिक स्थैर्य : विठ्ठलवाडी-अंबरनाथ परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

तीन दगडांची चूल ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही. चार पायांचा चौरंग मात्र एका पायाखाली कागदाची घडी मागतो. घरोघरी परिचित असलेला हा अनुभव यंत्रविद्येत तत्त्वरूपाने कसा आला आणि त्याची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परिसराची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले व १९४९ मध्ये या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. विठ्ठलवाडी हे तिच्या कल्याणकडील बाजूचे रेल्वे स्थानक. पुढे अंबरनाथ येथे आयुध निर्माणी व मशिन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हे सरकारी कारखाने आले. यांपैकी दुसरा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेडकडे आहे. अशा परिसरात लेथ हे केवळ यंत्र नसून उपजीविकेचे साधन ठरते.

तत्त्वाची जडणघडण

एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते. चौथा बिंदू त्या प्रतलात असेलच असे नाही. म्हणून तिवईचे तिन्ही पाय नेहमी टेकतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे सपाट धातुपृष्ठांविषयी निबंध वाचला. दोनच पट्ट परस्परांवर घासून जुळविले, तर एक फुगीर व दुसरा खोलगट राहूनही ते जुळू शकतात. तीन पट्ट आळीपाळीने परस्परांशी जुळविले, तरच तिन्ही सपाट होतात. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) व टेट यांच्या १८६७ च्या ग्रंथात या विचाराला भौमितिक रूप मिळाले. एक पाय खळग्यात, दुसरा खाचेत व तिसरा सपाट पृष्ठावर ठेवला, की अनुक्रमे तीन, दोन व एक असे सहा स्पर्शबिंदू मिळून वस्तूच्या सहाही स्वतंत्र हालचाली बांधल्या जातात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील गोलमापीचे तीन पाय याच विचाराचे आहेत.

कारखान्यातील प्रचिती व मर्यादा

लेथच्या तीन जबड्यांच्या चकात गोल सळई आपोआप केंद्रात येते, कारण तिन्ही जबडे एकाच वेळी केंद्राकडे सारखेच सरकतात. चौकोनी अथवा वेड्यावाकड्या कामासाठी मात्र चार स्वतंत्र जबड्यांचा चक लागतो आणि केंद्र साधण्याचे काम कारागिराच्या हाताकडे येते. लांब लेथलाही तीन पाय पुरत नाहीत. त्याचा बेड मध्ये वाकतो. म्हणून अधिक आधार देऊन लेव्हल पाहत पॅकिंग भरावे लागते. यात कसूर झाली तर बेडला पीळ बसतो व काम निमुळते कातले जाते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. तीन बिंदूंमुळे मिळते ती निश्चिती होय. उलटण्यापासूनचे संरक्षण नव्हे. गुरुत्वमध्याची लंबरेषा आधाराच्या त्रिकोणाबाहेर गेली की वस्तू कलंडते आणि त्याच लांबीरुंदीच्या चौकोनापेक्षा त्रिकोणाचे क्षेत्र लहान असते. वळणावर तीनचाकी रिक्षा कलंडण्याचा धोका अधिक असतो, तो यामुळेच. ‘तीन म्हणजे स्थिर’ हे अर्धसत्य कारखान्यात जिवावर बेतू शकते.

समारोप

सारांश, तीन ही संख्या शुभ म्हणून नव्हे, तर आवश्यक तेवढीच म्हणून उपयुक्त ठरली. कमी आधार वस्तू मोकळी सोडतात. जास्त आधार परस्परांशी भांडतात व ते भांडण मिटविण्यास कुशल हात लागतो. ग्रंथातील तत्त्व जेथे संपते तेथे कारागिराचे पॅकिंग सुरू होते. म्हणून औद्योगिक परिसराचा इतिहास लिहिताना कारखान्यांच्या नोंदींबरोबर या हातांच्या ज्ञानाचीही नोंद होणे अगत्याचे आहे.